बालीच्या किनाऱ्यावरील परकी घरे

बाली बेटावरील जुन्या वळणाच्या माणसाला वाट विचारली, तर तो डावे-उजवे सहसा सांगत नाही. डोंगराकडच्या बाजूला तो ‘काजा’ म्हणतो आणि समुद्राकडच्या बाजूला ‘केलोद’. नित्याचा पुष्कळसा व्यवहार या दोन शब्दांवर निभावतो. बेटाच्या पूर्व भागात तीन हजार मीटरांहून उंच असा आगुंग नावाचा ज्वालामुखी आहे. देवांचे आणि पितरांचे वास्तव्य त्या बाजूला, अशी तेथील श्रद्धा. म्हणून घराच्या आवारात कुलदैवतांच्या देवळ्या डोंगराच्या आणि उगवतीच्या कोपऱ्यात बांधतात; डुकरांचा कोंडवाडा आणि उकिरडा समुद्राच्या अंगाला ठेवतात. निजताना उशी डोंगराकडे आणि पाय समुद्राकडे. गावाच्या तीन मुख्य देवळांपैकी मृतांशी संबंध असलेले देऊळ आणि त्याच्या जवळचे स्मशान हेही खालच्या टोकालाच असते. समुद्र अगदीच त्याज्य मानला आहे असे मात्र नव्हे. वर्षातून एकदा गावोगावची दैवते मिरवीत किनाऱ्यावर नेऊन शुद्ध करतात, आणि दहनानंतरची रक्षाही तेथेच विसर्जित करतात. पण तेथे जावयाचे ते कामापुरते. कोळ्यांच्या काही वस्त्या सोडल्या, तर वाळूवर घर बांधण्याची हौस कोणाला नव्हती. १९३७ साली बालीवर गाजलेला ग्रंथ लिहिणारे मेक्सिकोचे चित्रकार मिगेल कोव्हारुबियास यांना याचेच नवल वाटले होते की, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले हे लोक पाण्याकडे पाठ करून डोंगराकडे पाहत बसतात.

आज त्याच बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर चांग्गू नावाचे गाव आहे, आणि ते जगभर ठाऊक झाले आहे ते तेथील परक्या रहिवाशांमुळे. त्यांना ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. आपण त्यांना संगणकी फिरस्ते म्हणू. हे नाव पुढे आणले ते त्सुगिओ माकिमोतो हे जपानी अभियंते आणि डेव्हिड मॅनर्स हे इंग्रज पत्रकार यांनी १९९७ साली लिहिलेल्या एका पुस्तकाने. यंत्रे लहान होत जातील, तारांचे जाळे वाढत जाईल आणि माणूस आपली कचेरी काखोटीला मारून हवा तेथे राहू लागेल, असे त्यांचे भाकीत होते. चांग्गूत ते अक्षरशः उतरलेले दिसते. पहाटे फळी घेऊन लाटांवर खेळणारा तरुण दहाच्या सुमारास एखाद्या उपाहारगृहातील लांब मेजाशी बसून संगणक उघडतो. त्याचा मालक बर्लिनला, गिऱ्हाईक टोरांटोला, आणि वेतन जमा होते ती बँक आणखी तिसऱ्याच देशात. न्यूयॉर्कच्या पेढीचे काम करणाऱ्याची कचेरी तर दिवेलागणीनंतर भरते. कारण बालीचे घड्याळ न्यूयॉर्कच्या बारा-तेरा तास पुढे चालते.

पाठ फिरवून बसलेल्या लोकांच्या या किनाऱ्यावर परक्यांची वस्ती कशी झाली, याला पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो पाहताना एक प्रश्न हाताशी ठेवलेला बरा. या परक्याला पोसणारा धागा कोठून येतो, आणि तो गावातून ओवला जातो की गावाच्या डोक्यावरून जातो?

पहिला ठळक परका म्हणजे माड्स लांगे हा डेन्मार्कचा दर्यावर्दी व्यापारी. त्याचा जन्म १८०७ चा. शेजारच्या लोंबोक बेटावर त्याने आधी पेढी घातली होती. तेथील राजांच्या आपसांतील युद्धात त्याचा पक्ष हरला, आणि १८३९ साली तो बालीच्या दक्षिणेस कुटा येथे येऊन राहिला. कुटा हे नाव आपल्या ‘कोट’ या शब्दाच्याच कुळातले. पण कोटाचा दिमाख तेथे काही नव्हता. दोन उपसागरांमधली ती रेताड पट्टी पिकाच्या दृष्टीने निरुपयोगी होती आणि पूर्वी गुलामांच्या बाजारासाठी बदनाम झालेली होती. परक्या व्यापाऱ्याला राहावयास जागा मिळाली ती अशी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यात औदार्य होते तसा सावधपणाही होता. परका जवळ असावा, पण केलोदच्या बाजूला असावा.

लांगेने तेथे तटबंदीचे आवार बांधले, गोदामे उभारली आणि व्यापार मांडला. बालीतील देवघेव मधोमध भोक असलेल्या चिनी नाण्यांत चाले. त्यांना कपेंग म्हणत. लांगे ही नाणी चीनमधून स्वस्तात आणी, आणि त्यांच्या मोबदल्यात बालीचा तांदूळ, खोबरेल व गुरे घेऊन बाहेर पाठवी. म्हणजे त्याच्या संपत्तीचा दोरा चीन-सिंगापूरपर्यंत गेलेला असला, तरी त्याची गाठ बालीच्या शेतकऱ्याच्या कणगीला बांधलेली होती. तांदूळ पिकला नाही तर लांगेही बुडाला. यामुळे त्याला राजांची मर्जी राखावी लागे, भाषा शिकावी लागे, भांडणे मिटवावी लागत. १८४९ साली डचांची मोठी फौज बालीवर चालून आली तेव्हा दोन्ही पक्षांत तह घडवून आणण्याचे काम यानेच केले, आणि तो तह कुट्यातच झाला. त्याने संसारही तेथेच थाटला. त्याची मुलगी सेसिलिया पुढे जोहोरच्या सुलतानाची राणी झाली, आणि तिचा मुलगा इब्राहिम जोहोरच्या गादीवर बसला. लांगे १८५६ साली वारला. त्याची कबर कुट्यात आहे. व्यापार उत्तरेकडील बंदरांकडे वळला आणि ती वाळू पुन्हा ओस पडली.

यानंतरचा परका आला तो बंदूक घेऊन. १९०४ साली सानूरच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले; त्यातील माल लुटला गेल्याच्या तक्रारीचे निमित्त करून १९०६ च्या सप्टेंबरात डच फौज सानूरलाच उतरली. बादुंगच्या राजपरिवाराने शुभ्र वस्त्रे नेसून, हाती कट्यारी घेऊन, तोफांपुढे चालत जाऊन मरण पत्करले. १९०८ मध्ये क्लुंगकुंगला तेच घडले. या संहाराने युरोपात डचांची नाचक्की झाली, आणि हे बेट जसेच्या तसे जतन करण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. जतन केलेली वस्तू पाहावयास प्रेक्षक लागतात. डच जहाज कंपनीच्या आगबोटी उत्तरेच्या बंदराला प्रवासी आणू लागल्या आणि १९२८ साली त्याच कंपनीने देनपासारला हॉटेल उघडले, तेही बादुंगच्या राजपरिवाराने प्राण दिला त्या परिसरात.

प्रवाशांच्या पाठोपाठ राहावयास येणारे आले. व्हाल्टर श्पीस हे जर्मन चित्रकार १९२७ साली आले आणि डोंगराच्या बाजूला, उबुडला राहिले. पण किनाऱ्याची गोष्ट निराळी आहे. बेल्जियमचे चित्रकार ल मेयर १९३२ मध्ये आले, सानूरच्या वाळूवर राहिले आणि नी पोलोक या नर्तिकेला समोर बसवून चित्रे काढू लागले. पुढच्याच वर्षी ती चित्रे सिंगापूरच्या प्रदर्शनात चांगली विकली गेली. त्या पैशांतून त्यांनी सानूरला घर बांधले आणि १९३५ साली नी पोलोकशी लग्न केले. आता तेथे त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. दूरच्या शहरात विकावयाचे काम उष्ण कटिबंधातील किनाऱ्यावर बसून करणारा माणूस म्हणून आजच्या फिरस्त्यांचा पूर्वज शोधावयाचा, तर तो येथे सापडेल.

कुट्याकडे १९३६ साली रॉबर्ट आणि लुईस कोक हे अमेरिकन जोडपे आले. रॉबर्ट हॉलिवूडच्या चित्रपटधंद्यात छायाचित्रकार होते. देनपासारहून सायकलने किनाऱ्यावर आलेल्या या दोघांना ती ओसाड पांढरी वाळू पाहून भुरळ पडली आणि त्यांनी तेथे झावळ्या-गवताच्या छपरांची हॉटेलवजा वस्ती उभारली. देशी पद्धतीच्या झोपड्यांत, किनाऱ्याकडे तोंड करून राहावयाचे, ही कल्पना त्या काळी विक्षिप्त वाटली. पुढे साऱ्या आशियाच्या किनाऱ्यांनी तिची नक्कल केली. हवाई बेटावर लाटांवर फळी चालविण्याचा खेळ रॉबर्ट शिकले होते. तो त्यांनी कुट्याच्या पोरांना शिकविला, आणि बालीतील तरुण समुद्राकडे तोंड करून उभे राहिले ते बहुधा प्रथमच. जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा १९४२ मध्ये हे जोडपे निघून गेले. युद्धानंतर हॉटेलचा मागमूसही उरला नव्हता.

या साऱ्या मंडळींचे दोष दाखविणे सोपे आहे. त्यांनी बालीला जे ‘स्वर्ग’ म्हणून रंगविले त्या रंगाखाली वेठ, कर आणि नुकतीच सांडलेली रक्ते झाकली गेली. तरी त्यांच्या उपजीविकेचा धागा गावातून जात होता, हेही खरे. नर्तकी, आचारी, वादक, शाकारणी करणारे यांच्यावाचून त्यांचे पान हलत नव्हते. टपाल आगबोटीने येई, आणि दोन बोटींच्या मधल्या दिवसांत त्यांना शेजाऱ्यांशिवाय कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतरचा काळ येथे थोडक्यात सांगितला तरी चालेल. फक्त एक काळी पट्टी ओलांडता येत नाही. १९६५ च्या डिसेंबरापासून काही महिन्यांत बालीत कम्युनिस्ट ठरविलेल्या माणसांची कत्तल झाली. तिचा आकडा ऐंशी हजारांच्या घरात धरला जातो. कित्येकांना किनाऱ्याच्या वाळूतच पुरले. आणि १९६६ च्या अखेरीस, जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून बांधलेले दहा मजली बाली बीच हॉटेल सानूरच्या किनाऱ्यावर उघडले. ते पाहून बालीकर इतके अस्वस्थ झाले की, पुढे नारळाच्या झाडापेक्षा, म्हणजे सुमारे पंधरा मीटरांपेक्षा, उंच इमारत बांधू नये असा निर्बंध आला.

१९६९ मध्ये कुट्याच्या दक्षिणेस आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. प्रवाशांचा लोंढा येणार हे दिसत होते, म्हणून जागतिक बँकेच्या पाठबळाने फ्रेंच सल्लागारांनी १९७१ साली एक आराखडा दिला. त्याचा आशय असा की, परक्यांना दक्षिण टोकाच्या नुसा दुआ येथे एकत्र ठेवावे. तेथून त्यांनी देवळे पाहावयास यावे आणि परत जावे. नुसा दुआ निवडले ते तेथील जमीन कोरडी, भातशेतीला अयोग्य होती म्हणून. आराखड्यात दूरदृष्टी नव्हती असे म्हणता येणार नाही. बादुंगच्या राजवटीने लांगेला जेथे राहू दिले, त्यामागचा विचारच जणू येथे पुन्हा कागदावर आला होता. पण नुसा दुआचे पहिले मोठे हॉटेल उघडावयास १९८३ साल उजाडले, आणि तोवर लोकांनी वाट पाहिली नाही.

ऑस्ट्रेलियाचे लाटांवर खेळणारे तरुण आणि युरोपातून खुष्कीने निघालेले हिप्पी कुट्याला आले. या मंडळींत ‘तीन क’ प्रसिद्ध होते: काबूल, काठमांडू आणि कुटा. त्याच वाटेवर आपला गोवाही होता. कळंगुट-हणजुण्याच्या वाळूवर हिवाळा काढून पुढे पूर्वेला सरकणारे त्यांत पुष्कळ होते. नुसा दुआच्या आराखड्यात या पोरांची सोय नव्हती. ती केली कुट्याच्या घराघरांनी. अंगणाच्या एका बाजूला दोन खोल्या काढावयाच्या, चटई टाकावयाची, सकाळी चहा आणि केळी द्यावयाची. अशा घरगुती खाणावळवजा बिऱ्हाडांना तेथे ‘लोसमेन’ म्हणतात. वाळूची जमीन म्हणून कुटा बेटातील गरीब गावांपैकी एक होते. भाऊबंदांच्या वाटणीत ज्याच्या पदरी समुद्राकडचा निकृष्ट तुकडा आला, त्याचे नशीब पाचदहा वर्षांत पालटले. परका खिशातले साठविलेले पैसे संपेपर्यंत राही आणि मग परत जाई. पण जितके दिवस राही तितके दिवस तो कोणाच्या तरी अंगणात राही. घरात दहन असो, मुलाचे दात घासण्याचा संस्कार असो, त्याला ते दिसे. पुढे कुटा बेफाम वाढले, अंगणाची हॉटेले झाली, आणि १२ ऑक्टोबर १९५२ नव्हे, अगदी अलीकडे, २००२ च्या त्याच दिवशी तेथील रात्रगृहांत झालेल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मेली, तेव्हा या गावाकडे जगाने पुन्हा एकदा पाहिले.

वस्ती तोवर उत्तरेकडे सरकू लागलीच होती. कुट्याहून लेगियान, लेगियानहून सेमिन्याक, सेमिन्याकहून चांग्गू. नकाशावर हे अंतर काहीच नाही. पण जमिनीच्या जातीत मोठा फरक आहे. कुट्याची वाळू फिकट आणि नापीक. चांग्गूची वाळू ज्वालामुखीच्या राखेने काळी, आणि तिच्या काठाला अगदी समुद्राच्या फेसापर्यंत भाताची खाचरे उतरत आलेली. डोंगरातून निघालेले पाणी शेकडो खाचरांना पाजून शेवटी येथे खारट होते. काजा आणि केलोद यांची गाठ पडते ती येथे. म्हणून चांग्गूत परका आला तो ओसाड वाळूवर आला नाही, शेतात आला.

हे शेत कसे चालते ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. बालीतील भातशेती ‘सुबाक’ नावाच्या पाणीवाटप मंडळांच्या हाती आहे. त्यांचा उल्लेख अकराव्या शतकातील ताम्रपटांपासून सापडतो. एका बंधाऱ्यावर किंवा एका मुख्य पाटावर ज्यांचे शेत भिजते ते सारे एका सुबाकचे सभासद. त्यांचा निवडलेला प्रमुख असतो. पाटात लाकडाचा ओंडका आडवा टाकून त्यात खाचा पाडतात. ज्याचे क्षेत्र जेवढे तेवढी त्याची खाच रुंद. आपल्याकडे खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, पाटकरी कसा पाळीने पाणी फिरवितो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. बालीचे वैशिष्ट्य असे की, बंधाऱ्यावर देऊळ असते, आणि लावणी केव्हा, पड केव्हा, हे त्या देवळाच्या उत्सवांबरोबर ठरते. यात भाविकता आहे तसा रोकडा हिशेबही आहे. वरच्या शेतकऱ्याच्या हाती पाणी असते, म्हणून तो खालच्याला नाडू शकतो. पण सगळ्यांनी एकाच वेळी जमीन पड ठेवली नाही, तर किडी आणि उंदीर एका खाचरातून दुसऱ्यात जाऊन वरच्याचेही पीक खातात. म्हणून वरच्याला खालच्याची गरज लागते. सत्तरीच्या दशकात हरित क्रांतीच्या उत्साहात सरकारने सारखे पीक घ्या असे सांगितले, हा ताल मोडला आणि तपकिरी तुडतुड्यांनी शेते फस्त केली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी या देवळांचे काम गणिताने तपासून दाखविले, तेव्हा कोठे तज्ज्ञांना जुन्या पद्धतीचे मर्म कळले. २०१२ साली युनेस्कोने सुबाकच्या काही प्रदेशांना जागतिक वारशात स्थान दिले. ते प्रदेश डोंगराच्या बाजूचे आहेत. चांग्गू त्यांत नाही.

चांग्गूत आधी आले ते लाटांवर खेळणारे. संगणकी फिरस्ते आले ते २०१० नंतर. उबुडला २०१३ मध्ये बांबूच्या इमारतीत सामायिक कचेरी निघाली. महिन्याची वर्गणी भरावी, वेगवान इंटरनेटशेजारी जागा घ्यावी, असा तिचा व्यवहार. थोड्याच वर्षांत तोच प्रकार चांग्गूत आला आणि तेथे तो समुद्रामुळे अधिक रुजला. उपाहारगृहे निघाली, व्यायामशाळा निघाल्या, खाचरांच्या मधोमध तलावासह बंगले उठले. बेरावा आणि बातू बोलोंग या दोन भागांमधली शेतकऱ्यांची एक अरुंद वाट ‘शॉर्टकट’ म्हणून मोटारी वापरू लागल्या, आणि समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एक चिखलात कलंडलेली दिसणे हा रोजचा विनोद झाला. विनोद परक्यांचा, चिखल ज्याचा होता त्याची लावणी मोडे.

परक्याला बालीत जमीन विकत मिळत नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क नागरिकांपुरताच ठेवला आहे. म्हणून जमीन भाडेपट्ट्याने जाते. पंचवीस-तीस वर्षांचा पट्टा, आणि साऱ्या वर्षांचे भाडे बहुधा एकरकमी. दर ठरतो तो दर आराला, दर वर्षाला. आपल्या सातबाऱ्यावर जो आर लिहिलेला असतो तोच हा, शंभर चौरस मीटरांचा. भात पिकवून जन्मात दिसणार नाही एवढी रक्कम एका सहीने हाती येते. तिच्यातून घराचे देऊळ नवे होते, आजोबांचे रखडलेले दहन थाटाने होते, मुलगी विद्यापीठात जाते. हे सारे हवेसे आहे, आणि शेतकऱ्याने मोहाला बळी पडू नये असा उपदेश दुरून करणे अनुचित होय. पण सुबाकचे पाणी एका सहीचे नसते. वरच्या खाचरात बंगला उठला की त्याच्या भिंतीपाशी पाट अडतो, किंवा वळविला जातो, किंवा त्यात सांडपाणी येते. खालच्याने सही केलेली नसते. तरी त्याचे खाचर कोरडे पडते. दोन हंगाम तो धडपडतो, आणि मग तोही दलालाला बोलावितो. सभासद कमी झाले की पाट उपसावयास माणसे मिळत नाहीत, आणि वर्गणीवाचून बंधाऱ्यावरच्या देवळाचा उत्सव आटोपता घ्यावा लागतो. पट्टा संपेल तेव्हा नातवाला जमीन परत मिळेल. तिच्यावर तोवर सिमेंट असेल.

येथे लांगेशी तुलना मनात येते. लांगेला तांदूळ हवा होता. कोक दांपत्याला आचारी, वादक आणि शेजार हवा होता. लोसमेनमधल्या पोराला निदान अंगण तरी हवे होते. संगणकी फिरस्त्याला गावाकडून हवा असतो तो देखावा. हिरव्या खाचरांच्या देखाव्यासाठी तो बंगला घेतो, आणि शेजारी दुसरा बंगला उठला की देखावा गेला म्हणून पट्टा मोडून आणखी उत्तरेला, पेरेरेननकडे, निघतो. तो मनाने वाईट असतो असे नाही. पुष्कळसे हे तरुण आपापल्या देशांत घरभाडे न परवडल्यामुळे बाहेर पडलेले असतात, एकाकी असतात, आणि किनाऱ्यावरचा कचरा उचलावयास हौसेने जातात. पण त्यांच्या पोटाची गाठ या गावाशी नाही; गाव बुडाले तरी त्यांचे वेतन पोहोचते.

ते कसे पोहोचते हे २०२० मध्ये दिसले. महामारीमुळे एप्रिलात बेट परदेशी प्रवाशांना बंद झाले आणि २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. बेटाची लोकसंख्या सुमारे ४३ लाख, आणि २०१९ मध्ये तेथे येऊन गेलेले परदेशी प्रवासी सुमारे ६३ लाख. यावरून तो फटका कल्पिता येईल. त्या एका वर्षात बालीचे उत्पन्न नऊ टक्क्यांहून अधिक घसरले. हॉटेलांतील नोकर गावी परतून खाचरांत उतरले. काही बेटांवर लोक पुन्हा समुद्रशेवाळाच्या शेतीला लागले. शेत ज्याचे शाबूत होते त्याला निदान भात मिळाला. चांग्गूत अडकून राहिलेल्या फिरस्त्यांचे उत्पन्न मात्र अखंड चालू होते, आणि त्या दिवसांत उपाहारगृहांचे दिवे लागत होते ते त्यांच्याच जिवावर. तेव्हा गावाला त्यांचा काहीच लाभ नाही, असे म्हणणाऱ्यांनाही हा प्रसंग विचारात घ्यावा लागेल.

सरकारने यातून धडा घेतला तो असा: २०२४ पासून इंडोनेशियाने दूरस्थ काम करणाऱ्या परदेशीयांसाठी वर्षभराचा स्वतंत्र परवाना सुरू केला. त्याची अट वर्षाला किमान ६० हजार डॉलरचे उत्पन्न, आणि ते उत्पन्न इंडोनेशियाच्या बाहेरूनच आलेले असले पाहिजे. स्थानिक लोकांच्या पोटावर परक्याने पाय देऊ नये, हा हेतू योग्यच आहे. तरी एका गोष्टीची नोंद घ्यावीशी वाटते. लांगेला बालीत राहावयाचे तर गावाशी व्यवहार करणे भाग होते. आजच्या परवान्याने गावात कमाई करण्यास मनाई आहे. धागा गावाच्या डोक्यावरून जातो, आणि आता कायद्यानेही तो तेथूनच गेला पाहिजे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीपासून बेटावर येणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाकडून दीड लाख रुपिया पट्टी घेतात. त्या वर्षी आलेल्या परदेशीयांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल संख्या भारतीयांची होती, म्हणून ही हकीकत आपल्याला अगदीच परकी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने बेटावर पूर आला आणि डझनाहून अधिक माणसे दगावली. पाणी जिरविणारी खाचरे उरली नाहीत, ही कुजबुज तेव्हा उघड बोलली जाऊ लागली, आणि शेतजमिनीवर नवी हॉटेले बांधावयास परवाने देऊ नयेत, अशी भूमिका प्रांताच्या गव्हर्नरांनी घेतली.

वर्षातून एक दिवस मात्र चांग्गूचा परका गावाच्या हुकमतीत असतो. बालीचे एक पंचांग आपल्याप्रमाणेच शक गणनेचे आहे. त्यांचे नववर्ष आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे येते. अधिक महिन्याच्या हिशेबामुळे कधी महिन्याचे अंतर पडते, पण २०२३ साली दोन्ही २२ मार्चलाच आले, आणि दोघांचाही शक १९४५ सुरू झाला. आपण त्या दिवशी गुढी उभारतो. ते ‘न्येपी’ पाळतात. न्येपी म्हणजे मौनाचा दिवस. पहाटे सहापासून दुसऱ्या पहाटे सहापर्यंत अग्नी पेटवावयाचा नाही, काम करावयाचे नाही, घराबाहेर पडावयाचे नाही, करमणूक करावयाची नाही. विमानतळ चोवीस तास बंद असतो. २०१८ पासून त्या दिवशी बेटावरचे मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात.

नववर्षाआधी वाजतगाजत समुद्रावर नेलेली दैवते तोवर देवळांत परतलेली असतात. संध्याकाळ होते आणि एकही दिवा लागत नाही. शॉर्टकटच्या वाटेवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेले गावचे राखणदार, त्यांना ‘पेचालांग’ म्हणतात, दोघे-दोघे मिळून हिंडतात. बंगल्याच्या फटीतून उजेड दिसला, तर ते दारापाशी थांबतात आणि दिवा मालवावयास सांगतात. दिवा मालवला जातो. उरलेल्या खाचरांतून पाटाचे पाणी वाहत असते, आणि त्या रात्री त्याचा आवाज बंगल्यांतही ऐकू येतो.